थोरलीचा झोका

१

कुसिएलेने काठ्या उचलल्या, सगळ्यात खालच्या पट्टीवर एक ठोका मारला आणि तो थांबला.

माझा थोरला भाऊ मालू याच्या सुतकाचा तो शेवटचा दिवस होता. पीतोचे, म्हणजे ज्वारीच्या दारूचे, माठ भरून ठेवले होते, बायका न्हाऊन बसल्या होत्या. ग्यिल वाजल्याशिवाय मेलेला माणूस घरातून हलत नाही असं आम्ही दगारी लोक मानतो, त्यामुळे अख्ख्या अंगणाचे कान त्या ठोक्याकडे होते. दुसरा ठोका पडलाच नाही.

"बा," तो मला म्हणाला, "ही थोरली नाही."

कुसिएले माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. आमच्यात बापाच्या भावालाही बापच म्हणतात. ग्यिल त्याला मीच शिकवली.

"दुःखाने हात जड झाला असेल," मी म्हणालो.

"हात माझा आहे, बा. पट्ट्या आपल्या नाहीत."

आमच्या घरात दोन ग्यिली आहेत. लाकडी चौकट, तिच्यावर दोऱ्यांत ओवलेल्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीखाली भोपळा. भोपळ्याच्या भोकावर कोळ्याच्या घरट्याचा पापुद्रा लावतात, त्याने आवाजाला गुणगुण येते. एकीला आम्ही थोरली म्हणतो, दुसरीला धाकटी; लोकांना दोघी सारख्याच वाटतात. धाकटी कुठेही जाते. थोरली फक्त मयताला निघते, आणि तेव्हा दोघी शेजारी शेजारी वाजतात.

मी खालची पट्टी उलटी करून चाकूने खरवडली. वरची काजळी निघाली आणि आत पांढरं लाकूड दिसलं. आमच्या पणज्याने पट्ट्या जमिनीतल्या भट्टीत वाळवल्या होत्या, त्या गाभ्यापर्यंत काळ्या होत्या. चौकट मात्र आमचीच होती. भोपळेही आमचेच, एका भोपळ्यावर मालूने लावलेलं कातड्याचं ठिगळसुद्धा जागच्या जागी होतं. कोपऱ्यांतल्या गाठी सोडल्या की पट्ट्यांची सगळी माळ एकदम उचलता येते. कोणीतरी माळ उचलून दुसरी घातली होती.

मयताच्या दिवसापासून थोरली कुलुपात होती, आणि किल्ली मालूच्या सुनेकडे, पेर्पेतुआकडे. त्याआधी ती होती कुसिएलेच्या खोलीत.

अंगणातल्या माना एकेक करून त्याच्याकडे वळल्या.

२

देर हा आमच्या भूमीचा पुजारी. जमिनीची आणि पितरांची भांडणं तोच मिटवतो. त्याने सगळ्यांना चिंचेखाली बसवलं आणि सरळ विचारलं, "पट्ट्या मयताआधी बदलल्या की नंतर?"

आधी बदलल्या असतील तर दोष कुसिएलेचा, नंतर असतील तर पेर्पेतुआचा. तिसरी वाट कोणालाच दिसत नव्हती.

तेव्हा सेवेरिओ उठला. हा थट्टेच्या नात्यातला माणूस. त्याचं कूळ आणि आमचं कूळ एकमेकांची थट्टा करतं, पिढ्यान् पिढ्या. आमच्याकडे मयत झालं की ते येतात, मेलेल्याची नक्कल करतात, हाताला लागेल ते पळवून नेतात आणि पीतो मिळाल्यावर परत देतात. रडणाऱ्याला हसवायचं, म्हणजे शोकाने कोणी वेडं होत नाही. त्यांच्यावर रागवायचं नाही. त्यांच्याकडचं मयत असलं की आम्हीही तेच करतो.

सेवेरिओचा धंदा तीनचाकी मालगाडीचा, आणि जुन्या चौरंगांपासून जे हलवता येईल ते विकण्याचा.

"म्हाताऱ्यांनो, भांडता कशाला?" तो म्हणाला. "मालू असता तर म्हणाला असता, आधी पाजा मग बोला." त्याने मालूची घोगरी नक्कल केली आणि बायका तशातही हसल्या. मग त्याने फोन पुढे केला. पेर्पेतुआने इटलीतल्या नणंदेसाठी सगळं मयत ध्वनिमुद्रित केलं होतं. त्यातलाच एक तुकडा त्याच्याकडे होता.

"हे बघा. हा धाकटीच्या खालच्या पट्टीच्या आवाजाचा आलेख. चर्चच्या सुगीच्या सणाला ती आणली होती ना, तेव्हा मी घेतला होता. एक सरळ शिखर. निरोगी लाकूड. आता ही मयतातली थोरली, अगदी सुरुवातीची."

पडद्यावर शिखर होतं, पण दोन्ही बाजूंना लांबवर दातेच दाते पसरले होते, तुटक्या फणीसारखे.

"हे तडकलेलं लाकूड. घाईने केलेली नक्कल. पहिल्या ठोक्यालाच खोटी होती ती. मला कुसिएलेचं वाईट वाटतं, पण यंत्र खोटं बोलत नाही."

मी अक्षरं ओळखायला लागलो तेव्हा माझे केस पिकले होते. ही तर आणखी वेगळी अक्षरं.

देर म्हणाला, "पुढच्या बाजाराच्या दिवशी निकाल. दुसरं काही पुढे आलं नाही तर कुसिएलेच्या काठ्या भूमीच्या दगडावर मोडायच्या."

काठ्या मोडल्या की त्या हातांनी पुन्हा कधी ग्यिल वाजवायची नाही. कुसिएलेची आई खाटेला खिळली होती. रोज सकाळी ती एकच विचारायची, मला पोचवताना तूच वाजवशील ना रे?



३

पेर्पेतुआने शाळेतल्या मैत्रिणीला बोलावून घेतलं. डोमिटिला 'वा' शहरात तंत्रविद्या शिकवते. गावोगावच्या बोअरच्या पंपांचा नुसता आवाज ऐकून कुठला दांडा झिजलाय ते सांगते, म्हणून तिला आमच्याकडे 'पंपांची डॉक्टरीण' म्हणतात. ती स्वतःच मोटारसायकल चालवत आली.

"पँट घालून आलीस तपासाला?" माझी बायको म्हणाली. "नवरा नाही मिळाला अजून?"

"मिळाला होता, माकुम. फार आवाज करत होता, म्हणून परत पाठवला."

माझी बायको खूप हसली आणि तिने डोमिटिलाला लगेच शेंगदाण्यांची वाटी दिली. माकुम म्हणजे आजी. मला ती साकुम म्हणू लागली, आजोबा.

आमच्यात बाई ग्यिलीला हात लावत नाही. डोमिटिलाने लावलाही नाही. दोन्ही ग्यिली तिने लांबून पाहिल्या, मग एकेकाजवळ बसून बोलली. मी सोबत होतो.

पेर्पेतुआ आधी चिडलीच. "मला छपराला पत्रे हवेत, हे साऱ्या गावाला माहीत आहे. म्हणून सासऱ्याचं लाकूड विकेन का मी?"

"तसं कोण म्हणतंय? सगळं ध्वनिमुद्रण आहे का तुझ्याकडे, न कापलेलं?"

"सुरुवातीपासून थोरली आत कुलुपात ठेवेपर्यंत. नणंदेला एक हुंदकासुद्धा चुकवायचा नव्हता. सेवेरिओने मागितलं, त्यालाही सगळंच दिलं."

"सगळं?"

"सगळं."



मग जर्वास, चर्चमध्ये धर्म शिकवणारा. दोन वर्षांपासून तो म्हणत होता की मयताची ग्यिल आणि देवाची ग्यिल वेगळी असावी. "सुगीच्या सणाला धाकटी मीच मागून आणली," त्याने कबूल केलं. "आणली सेवेरिओच्या गाडीतून. एक रात्र त्याच्याकडेच होती, कारण गाडीचं चाक बसलं. पण थोरलीला मी बोटही लावलं नाही. मला तिची भीती वाटते, खरं सांगतो. ती वाजली की माझे गुडघे आपोआप वाकतात, आणि ते तर मी फक्त वेदीपुढे वाकवायचे असतात."

कुसिएले शेवटी. तो भिंतीला टेकून बसला होता.

"मयताच्या दिवशी तुम्ही सतत थोरलीवरच होता?" डोमिटिलाने विचारलं.

"थट्टेवाले येईपर्यंत. त्यांनी ती पळवली, कोठाराच्या मागे नेली. पीतो दिल्यावर परत आणली. मग सेवेरिओ स्वतःच थोरलीवर बसला आणि मालू बाची नक्कल करत वाजवू लागला. उलट्या काठ्यांनी, चुकीच्या पट्टीवर. मी धाकटीवर साथ दिली. सगळे लोळत होते हसून." तो जरा थांबला. "मीही हसलो. पण छातीत झोका आला नाही. मला वाटलं, रडून रडून छाती बधिर झाली असेल."

"कसला झोका?"

कुसिएलेने माझ्याकडे पाहिलं. मी नकाराची मान हलवली. घरातली गोष्ट बाहेर सांगायची नव्हती.

"काही नाही," तो म्हणाला.

डोमिटिलाने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि आग्रह केला नाही. ते मला आवडलं.

४

पेर्पेतुआच्या ओसरीवर तिने संगणक उघडला. मी समोर बसलो. माझ्या अंगात फुगू होता, आमच्याकडे हातमागाच्या अरुंद पट्ट्या जोडून शिवतात तो झगा.

"साकुम, तुमच्या झग्याची एक पट्टी मी मधूनच कापली तर काय होईल?"

"मार खाशील."

"ते झालंच. पट्टीचं काय होईल?"

"कडेचे धागे सुटतील."

"आणि कोणी ते सुटलेले धागे दाखवून म्हणालं, विणकराने नक्षीच अशी केली होती?"

"तर तो मूर्ख, नाहीतर लबाड."

ती हसली. तिने सेवेरिओचा आलेख पडद्यावर आणला. "हे दाते म्हणजे सुटलेले धागे. लाकडाचे नाहीत, कात्रीचे आहेत. पट्टी निनादत असताना मधेच आवाज कापलाय."

मग तिने मला सगळं समजावलं, आणि घाई केली नाही. फोन आवाज सलग ऐकत नाही. मुठीतून बाजरीचे दाणे एकेक टाकावेत तसे तो आवाजाचे दाणे वेचतो, एका श्वासात हजारो. एकेका दाण्याला काही अर्थ नसतो. फूरिये नावाच्या एका फ्रेंच माणसाने, तापलेल्या लोखंडातून उष्णता कशी पसरते ते शोधताना, दाखवून दिलं की कितीही गुंतागुंतीची लाट साध्या लाटांची बेरीज म्हणून लिहिता येते. त्याच वाटेने त्या दाण्यांतूनही कुठकुठले सूर किती आहेत ते वेगळं काढता येतं.

"म्हणजे शिजलेलं कालवण चाखून मीठ किती, भेंडी किती, ते सांगायचं?" मी विचारलं.

"नुसतं सांगायचं नाही, साकुम. मीठ पुन्हा मिठाच्या मडक्यात आणि भेंडी पुन्हा टोपलीत."

ग्यिल वाजवण्यात माझा जन्म गेला. आवाज एकदा हवेत गेला की गेला, असंच मी समजत होतो. कोणा परक्या माणसाने लोखंडाच्या दांडीकडे पाहता पाहता ही वाट शोधावी, आणि तिच्यावरून चालत आमच्या शेजारच्या गावची मुलगी आमच्या ओसरीवर यावी!

"पण एक अडचण आहे," ती म्हणाली. "हे गणित असं धरून चालतं की आपण दिलेला तुकडा गोल जोडलेला आहे. शेवट संपला की पुन्हा सुरुवात. तुमच्या झग्यासारखा. दोन टोकांच्या रेघा जुळल्या तर शिवण दिसत नाही. नाही जुळल्या तर तिथे धक्का बसतो, आणि गणित त्या धक्क्यासाठी नसलेले सूर गोळा करतं. तेच हे दाते."

"मग जुळवायच्या कशा?"

"टोकं मऊ करायची. आवाज शून्यातून हळूहळू वर आणायचा आणि शेवटी हळूहळू शून्यावर न्यायचा. शून्य शून्याला जुळतंच. याला आम्ही खिडकी म्हणतो. सेवेरिओची खिडकी चौकोनी, धारदार. माझी डोंगरासारखी. मात्र तिने शिखर जरा जाड होतं. म्हणून तुकडा लांब घ्यावा लागतो."

तिने मयताची सुरुवात काढली. आमच्याकडे मयताच्या आरंभाला दोन्ही ग्यिलींवर सगळ्यात खालची पट्टी एकदम वाजवतात आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबतात. तो सगळा निनाद तिने घेतला, टोकं मऊ केली आणि कळ दाबली.

दाते गेले. पावसाने धुतलेल्या अंगणासारखं स्वच्छ झालं. डोमिटिला मात्र पुढे वाकून पडद्याकडे टक लावून बघत राहिली.

"साकुम," ती हळूच म्हणाली, "इथे एक शिखर नाही. दोन आहेत."

५



"अगदी शेजारी शेजारी," ती म्हणाली, "जुळ्या झोपड्यांसारखी. दात्यांत बुडाली होती म्हणून सेवेरिओला एकच दिसलं. दोन ग्यिली, दोन खालच्या पट्ट्या, आणि दोघींच्या सुरात केसाएवढा फरक. सगळे तर म्हणतात दोघी तंतोतंत सारख्या आहेत. माझं चुकतंय का?"

तिचं चुकत नव्हतं. ही आमच्या पणज्याची युक्ती. थोरली त्याने मुद्दाम केसभर खाली लावली. दोन जवळचे सूर एकत्र वाजले की आवाज भरतो आणि ओसरतो, भरतो आणि ओसरतो, झोपाळ्यासारखा. तोच झोका. मेलेला माणूस त्या झोक्यावर बसून जातो असं आम्ही मानतो. हे फक्त वाजवणाऱ्याला सांगायचं. मालू गेल्यावर जिवंत माणसांत ते दोघांनाच माहीत होतं, मला आणि कुसिएलेला.

आणि ही मुलगी, जिने ग्यिलीला हातही लावला नव्हता, ते दाण्यांतून वाचून दाखवत होती.

"तुला कोणी सांगितलं?"

"फोनने."

मी तिला सगळं सांगितलं. माझा पणजा ओरडला असता की खूश झाला असता कोण जाणे. मला वाटतं, तो तिच्याशेजारी बसला असता.

तिने ऐकून घेतलं आणि टाळी वाजवली. "म्हणजे आरंभाला थोरली खरी होती! मयताआधी काहीच बदललेलं नाही. कुसिएले सुटला!"

मग तिचा चेहरा पडला. आतून पेर्पेतुआ ऐकत होती. आधी नाही म्हणजे नंतर, आणि नंतर किल्ली तिच्याकडे.

"बोलावलं मी तुला," पेर्पेतुआ दारातून म्हणाली, "आणि बांधलंस मलाच."

६

"अजून बांधलं नाही कोणाला," डोमिटिला म्हणाली. "झोका नक्की कधी थांबला ते बघू दे."

ती खिडकी पुढे पुढे सरकवू लागली. ते बघताना मला मजा वाटली आणि चीडही आली. खिडकी अरुंद घेतली की ठोका केव्हा पडला ते नेमकं कळायचं, पण दोन्ही शिखरं एकमेकांत मिसळायची. रुंद घेतली की शिखरं वेगळी व्हायची, पण केव्हाची ते पसरट व्हायचं.

"दोन्ही एकदम का नाही दाखवत तुझं यंत्र?"

"कोणाचंच नाही दाखवत. वेळ जितकी घट्ट धराल तितका सूर निसटतो. हा यंत्राचा दोष नाही, जगाचाच नियम आहे."

"आणि तुला त्याचा राग येत नाही?"

"छे! मला तर ते फार सुंदर वाटतं." आणि तिला खरोखरच तसं वाटत होतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तिने युक्ती केली. आधी रुंद खिडकीने मोठे टप्पे पाहिले. आरंभी दोन शिखरं. रडणाऱ्या बायका अंगणात आल्या तेव्हा दोन. ज्या टप्प्यात दोनाचं एक झालं तो बाजूला काढला आणि त्यात अरुंद खिडकी फिरवली. कुठले ठोके, कधी, सगळं मोजलं. मधे ग्यिलींची एक लांब शांतता होती. तिच्या आधीच्या प्रत्येक निनादात दोन शिखरं, नंतरच्या प्रत्येकात एक. दोन्ही ग्यिली वाजत होत्या तरी एकच.

"या शांततेत काय झालं?" तिने विचारलं आणि तो भाग मोठ्याने लावला.

हसण्याचा नुसता कल्लोळ. त्यात माझ्या बायकोचा आवाज: 'अरे सोडा रे, कोठाराच्या मागे नेली मेल्यांनी!' त्यात माझंही हसणं. मग सेवेरिओ, मालूच्या घोगऱ्या आवाजात: 'माझी पीतो कुठाय?'



सगळ्या गावासमोर नेली होती. सगळ्यांनी पाहिलं होतं. थट्टेवाला काय नेतो नि काय आणतो, ते आम्ही बघत नाही, आम्ही हसतो. परत आणून त्याने ती मुद्दाम वेडीवाकडी वाजवली, म्हणून पट्ट्यांकडे कोणाचा कानच गेला नाही.

"आता कळलं ना," डोमिटिला म्हणाली, "नक्कल थोरलीच्या सुरात का नव्हती? त्याच्या हाती फक्त धाकटी लागली होती, एक रात्र. सगळ्यांना दोघी सारख्या वाटतात, त्यालाही वाटल्या. धाकटीचा सूर मोजून त्याने पट्ट्या करवल्या, अगदी बिनचूक. फार बिनचूक केल्या, तिथेच फसला. आणि सगळं मयत हाताशी असताना त्याने आलेखासाठी अगदी सुरुवात निवडली. दोष त्या शांततेच्या आधी ढकलायचा होता."

पेर्पेतुआ रडू लागली आणि तिने डोमिटिलाच्या पाठीत एक गुद्दा घातला. आमच्याकडे मैत्रिणीचे आभार असेच मानतात.

पण माझं मन खचलं. थट्टेवाल्याला जाब विचारता येत नाही. तो कायदा भूमीचा आहे.

७

बाजाराच्या दिवशी चिंचेखाली सगळे जमले. कुसिएलेने आपल्या काठ्या देरच्या पायाशी आणून ठेवल्या.

डोमिटिलाने आवाज ऐकवला आणि झगा कापण्याची गोष्ट सांगितली. आलेखाकडे म्हाताऱ्यांनी फारसं पाहिलं नाही. मग मी उठून म्हणालो, की झोक्याचं गुपित आमच्या घरातून बाहेर गेलेलं नव्हतं आणि तरी या मुलीने ते वाचलं. तेव्हा मात्र सगळे सरसावून बसले. देरने तिला जवळ बोलावलं आणि दोन्ही शिखरं स्वतःच्या बोटाने चाचपली, जणू पडद्यावर उंचवटा लागणार होता.

"कुसिएले, काठ्या उचल," तो म्हणाला.

त्याने उचलल्या.

सेवेरिओ हसत उभा राहिला. "छान झालं! मलाही वाईटच वाटत होतं. आता माझं म्हणाल, तर मी थट्टेवाला. मयतात मी काय केलं ते विचारायचं नसतं. हो ना, देर?"

देरचा जबडा आवळला. "हो," तो म्हणाला. "विचारायचं नसतं."

कुसिएलेच्या हातात काठ्या होत्या, आणि वाजवायला थोरली नव्हती. तिच्याशिवाय त्याची आई कशावर बसून जाणार?

सेवेरिओ गाडीकडे निघाला. ती नवीकोरी तीनचाकी, लाल रंगाची, किल्ली तशीच लावलेली.

तेव्हा मला सुचलं. इतकं सोपं होतं की मी आधी हसलोच.

८

मी काठी टेकत पुढे गेलो आणि गाडीची किल्ली काढून झग्यात टाकली.

"साकुम, हे काय?" सेवेरिओ म्हणाला.

"थट्टा."

माझी बायको किंचाळून हसली. ती उठली, तिने चुलीतली राख आणून सेवेरिओच्या डोक्यावर ओतली आणि गाडीत चढून बसली. तिच्यामागे पेर्पेतुआ, तिच्यामागे पीतोचे माठ घेऊन आमच्या कुळातल्या सगळ्या बायका. गाडी खाली दबली.

"उतरा! चाकं बसतील!"

"रागावतोय!" बायका ओरडल्या. "थट्टेवाला रागावतोय! देर, बघा हो!"

त्याला हसावं लागलं. राख गालांवरून ओघळत होती.

"बरं, बरं. काय घेणार? पीतो देऊ? कोंबडी?"

"पीतो आहे आमच्याकडे," मी म्हणालो. "थोरली दे."

"ती माझ्याकडे नाही."

"मग गाडीही तुझ्याकडे नाही."

"साकुम, ही चेष्टा पुरे झाली."

"पुरी कधी होते ते चेष्टा करणारा ठरवतो. तुझ्याच आज्याने शिकवलंय मला. त्याने माझ्या लग्नात माझी बायको पळवली होती. सूर्य बुडेपर्यंत दिली नव्हती."

"आणि मी परत यायला तयार नव्हते," बायको गाडीतून म्हणाली.

चिंचेखाली सगळे डोळे पुसत होते. एक देर तेवढा हसत नव्हता. तो सेवेरिओकडे शांतपणे बघत म्हणाला, "त्यांना तू रागावू शकत नाहीस. त्यांनी तुला रागवायचं नाही. नातं शाबूत ठेव, मुला. सोडायचं असेल तर तसं सांग, मग मी तुला दुसरं काही विचारू शकेन."

सेवेरिओने राखेतून डोळे पुसले. मग तो आपल्या घराच्या दिशेने चालू लागला, पायी.

परतला तेव्हा ऊन कललं होतं. डोक्यावर ज्वारीचं पोतं होतं आणि पोत्यात काळ्या पट्ट्यांची माळ. त्या विकत घेणारं राजधानीतलं गिऱ्हाईक अजून आलं नव्हतं. मी किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि पीतोचा पहिला भोपळा त्यालाच दिला. नात्याचा नियम तसाच आहे. तो प्यायला, पण मालूची नक्कल त्याने त्या दिवशी केली नाही.

कुसिएलेने माळ चौकटीवर बांधली आणि दोन्ही ग्यिली आईच्या खिडकीसमोर नेल्या. धाकटीवर मी बसलो. आमचे ठोके एकदम पडले.

माझे कान आता खालचे सूर नीट ऐकत नाहीत. म्हणून काठी बाजूला ठेवून मी तळवा चौकटीवर टेकवला. लाकूड भरलं, ओसरलं, पुन्हा भरलं.

"आला का?" डोमिटिलाने लांबूनच विचारलं. तिने संगणक उघडला नव्हता.

मी होकाराची मान हलवली. आतून, खाटेवरून, कुसिएलेची आई म्हणाली, "थांबू नको रे. वाजव."